सटवाईचा लेख आणि पेशीची कात्री

वज्रेश्वरीला जाणाऱ्या माणसांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक देवीसाठी जाणारे आणि दुसरे गरम पाण्यासाठी. दोन्ही साधून परतणारे तिसरे, आणि खरे पाहता बहुसंख्या त्यांचीच. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी हे गाव. वसईचा किल्ला हाती आला तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी बोलला होता म्हणतात. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि नवस फेडला गेला. म्हणूनच बहुधा या देवळाला पायऱ्या, नगारखाना आणि दगडी तट असे किल्ल्याचे रूप आहे. चैत्र अमावास्येला येथे जत्रा भरते. देवळापासून अकलोली-गणेशपुरीपर्यंत नदीच्या पात्रात आणि काठाने उन्हाळी आहेत, म्हणजे गरम पाण्याचे झरे. देवीने मारलेल्या दैत्यांचे ते रक्त, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की, पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते.

या कुंडांपाशी मी माणसे पाहत पुष्कळ वेळ घालविला आहे. भिवंडीच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन येथे यायचे हा शिरस्ता होता. कुंडात उतरणारा माणूस कोणीही असो, शेठजी असो की यंत्रमागावरचा कामगार, तो आधी पायाचा अंगठा बुडवतो आणि चटकन मागे घेतो. मी मुलांना विचारीत असे, पाणी गरम आहे हे अंगठ्याला कोणी सांगितले?

त्या वेळी या प्रश्नाचे पुरते उत्तर कोणापाशीच नव्हते. ते मिळाले १९९७ साली. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी मिरचीचा तिखटपणा कशात आहे ते शोधत होते. त्यांना चेतापेशींच्या आवरणात बसलेले एक प्रथिन सापडले. ते एखाद्या झडपेसारखे असते. मिरचीतील कॅप्सायसिन लागले की ती झडप उघडते, आणि गंमत म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले तरीही तीच उघडते. तिखट लागले की आपण ‘तोंड भाजले’ म्हणतो, ते शब्दशः खरे आहे. मेंदूला दोन्ही बातम्या एकाच दाराने कळतात. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पातापुतियन यांच्याबरोबर विभागून मिळाले.

आता दक्षिण अमेरिकेतल्या एका प्राण्याकडे जाऊ. तेथे रक्त पिऊन जगणारी वटवाघळे आहेत. गाढ झोपलेल्या गुराच्या कातडीखाली रक्तवाहिनी नेमकी कोठे आहे, हे त्यांना अंधारात दुरून कळते, कारण तेवढी जागा किंचित उबदार असते. २०११ साली ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेतून उलगडा झाला. ही किमया त्या मघाच्याच झडपेची. मात्र वटवाघळाच्या चेहऱ्याकडून येणाऱ्या चेतापेशींत ती झडप शेपटाकडे थोडी आखूड असते, आणि ४३ ऐवजी सुमारे ३० अंशांनाच उघडते. उरलेल्या अंगाकडून येणाऱ्या चेतापेशींत झडप नेहमीचीच. म्हणजे एकाच प्राण्यात, एकाच जनुकापासून, दोन ठिकाणी दोन निराळी प्रथिने तयार होतात.

आपण शाळेत शिकलो ते ‘एक जनुक, एक प्रथिन’. मग हे कसे?

आपल्याकडे मूल जन्मले की पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लेख लिहून जाते. ती रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. एकदा लिहिले ते लिहिले, खाडाखोड नाही. जनुकांची कल्पना समाजात आली तेव्हा ती सटवाईच्या या लेखाच्या जागी जाऊन बसली. ‘त्याच्या जीन्समध्येच आहे’ असे म्हणताना आपला सूर ‘त्याच्या नशिबातच आहे’ हाच असतो. पण जनुकाचा मजकूर पेशी जशाचा तसा वाचत नाही. ती आधी त्याची नक्कल काढते आणि मग त्या नकलेवर कात्री चालविते.

हे प्रथम कळले १९७७ साली. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना एका विषाणूच्या बाबतीत आढळले की, जनुकाचा मजकूर सलग नसतो. कामाचे तुकडे आणि बिनकामाचे वाटणारे लांबलचक तुकडे आलटून पालटून येतात. पेशी सगळ्याची आरएनएमध्ये नक्कल करते, मधले तुकडे कापून टाकते आणि कामाचे तुकडे एकमेकांना जोडते. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन आणि गाळायच्या तुकड्यांना इंट्रॉन अशी नावे पडली, आणि या कापण्या-जोडण्याला स्प्लाइसिंग. १९९३ साली या दोघांना नोबेल मिळाले. मराठीत यासाठी मला एक शब्द फार जवळचा वाटतो, तो चित्रपटवाल्यांचा : संकलन. जुन्या संकलकांच्या खोलीत फिल्मच्या पट्ट्या खुंटीला टांगलेल्या असत. त्या कापायच्या आणि चिकटपट्टीने जोडायच्या. इंग्रजीत त्या कामालाही स्प्लाइसिंगच म्हणत.

आणि संकलक एकाच चित्रीकरणातून दोन वेगळे चित्रपट काढू शकतो. पेशीही हेच करते. ‘समाधान’ हा शब्द घ्या. अक्षरांचा क्रम बदलायचा नाही, फक्त गाळायची परवानगी आहे. ‘धा’ गाळला तर ‘समान’ उरते. ‘स’ आणि ‘धा’ दोन्ही गाळले तर ‘मान’. पहिली दोन अक्षरे गाळली तर ‘धान’. चार अक्षरांत चार अर्थपूर्ण शब्द, आणि एकाचा दुसऱ्याशी अर्थाने काही संबंध नाही. जनुकांत एक्झॉनांची अशीच गाळागाळ होते. कोणत्या पेशीत, कोणत्या वयात, काय गाळायचे आणि काय ठेवायचे हे ठरविणारी प्रथिनांची एक मोठी यंत्रणा प्रत्येक पेशीकेंद्रात आहे.

माणसाचा जनुकसंच वाचायला घेतला तेव्हा पुष्कळांचा अंदाज होता की, जनुके लाखभर तरी निघतील. निघाली वीस हजारांच्या आसपास. मिलिमीटरभर लांबीच्या एका गोलकृमीचीही जवळपास तेवढीच आहेत. माणसाच्या अभिमानाला बसलेला हा धक्का बरा होता, असे माझे मत. पण २००८ साली असे दिसून आले की, एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या माणसाच्या जनुकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जनुकांचे पर्यायी संकलन होते. शरीरातल्या ज्या इंद्रियांत ही कात्री सर्वांत जास्त आणि सर्वांत गुंतागुंतीची चालते, त्यांत मेंदू अग्रभागी आहे.

मेंदूतले पहिले ठळक उदाहरण १९८२ चे, आणि त्याचा संबंध आमच्या घराशी आहे.

माझ्या आईला अर्धशिशी होती. महिन्यातून दोनदा तरी तिचे ‘डोके उठे’. मग खिडक्यांना चादरी, कपाळाला सुंठीचा लेप, डोक्याभोवती करकचून बांधलेले फडके, आणि शेजारी उलटीसाठी पितळी. घरात वाजलेली पळीसुद्धा तिला सोसत नसे. आमच्या एका आत्याचे ठाम मत होते की, पाहुणे येणार असले की वहिनीचे डोके बरोबर दुखते. दुसऱ्या दिवशी आई पांढऱ्या चेहऱ्याने उठून चुलीपाशी बसे; जणू काही घडलेच नव्हते. डॉक्टरांना दाखवायला काहीच नसे. ताप नाही, सूज नाही, क्ष-किरणात काही नाही. ज्या दुखण्याची खूण दिसत नाही ते बाईचे असेल तर नाटक ठरते, आणि अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे तिपटीने अधिक. कोणी सांगितले म्हणून तिने वज्रेश्वरीच्या कुंडांत अकरा रविवार स्नानही केले. तिला बरे वाटले का, असे विचारले तर म्हणायची, ‘‘जाण्यायेण्यात तरी डोके दुखले नाही.’’

१९८२ साली, अमेरिकेत सुसान अमारा, रोनाल्ड एव्हन्स, मायकेल रोझेनफेल्ड आणि त्यांचे सहकारी उंदरातल्या एका जनुकाचा अभ्यास करीत होते. हे जनुक कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत ते बनते आणि रक्तातल्या कॅल्शियमशी त्याचा संबंध असतो. या जनुकात सहा एक्झॉन आहेत. थायरॉइडमधल्या पेशी पहिले तीन आणि चौथा जोडतात, की कॅल्सिटोनिन तयार. चेतापेशी मात्र चौथा गाळतात आणि तिसऱ्याला पाचवा-सहावा जोडतात. त्यातून बनते ते सर्वस्वी वेगळे प्रथिन. त्याला नावही धड मिळाले नाही. ‘कॅल्सिटोनिनच्या जनुकाशी संबंधित पेप्टाइड’ असे लांबण लावून, आद्याक्षरांनी त्याला सीजीआरपी म्हणतात. सगळीकडे मजकूर एकच. गळ्यात वाचला तर कॅल्शियमचा हिशेब, चेतापेशीत वाचला तर वेदनेचा निरोप.

हे सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंदावते, आणि त्या कामात त्याच्या तोडीचे पदार्थ थोडेच आहेत. चेहरा आणि मेंदूच्या आवरणाकडून येणाऱ्या त्रिशाखी चेतेत ते भरलेले असते. १९९० साली गोड्सबी आणि एड्विन्सन यांना अर्धशिशीच्या झटक्यात मानेच्या शिरेतल्या रक्तात ते वाढलेले आढळले. पुढे हेही दिसले की, अर्धशिशी असणाऱ्या माणसाला ते शिरेतून दिले की पुष्कळदा झटका येतो. २०१८ पासून या एका पदार्थाला किंवा तो जेथे जाऊन बसतो त्या जागेला अडविणारी औषधे बाजारात आहेत. सर्वांना ती लागू पडत नाहीत आणि स्वस्तही नाहीत. पण ज्या दुखण्याला आमच्या आत्याच्या मते निमित्तापलीकडे कारण नव्हते, त्याचा एक रासायनिक साक्षीदार मिळाला. आई तेव्हा नव्हती. आत्या होत्या, त्यांना मी हे सगळे कागदावर आकृती काढून समजाविले. त्या म्हणाल्या, ‘‘असेल बाई.’’

मुंबईचे नाव या कथेत आले ते माशांमुळे, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशांमुळे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सत्तरच्या दशकात ते काही काळ कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर यांच्याकडे होते. तेथे दोघांनी अशा फळमाशा तपासल्या की, ज्या थोड्याशा उष्णतेने लुळ्या पडतात. साधारण २९ अंशांना माशी कुपीच्या तळाशी कोसळते. गार जागी ठेवली की थोड्याच वेळात उठून चालू लागते. १९७६ साली त्यांनी दाखविले की, यातल्या काही माशांमध्ये उष्णतेमुळे चेतातंतूंतून जाणारा विजेचा संदेशच थांबतो. त्यातल्या ‘पॅरालिटिक’ नावाच्या जनुकाची ओळख पटायला १९८९ उजाडले. चेतापेशीत सोडियम आत सोडणाऱ्या झडपेचे ते जनुक निघाले, आणि त्याचेही संकलन तऱ्हेतऱ्हेने होते. एका जनुकापासून डझनावारी प्रकारच्या झडपा : कोणी लवकर उघडणाऱ्या, कोणी उशिरा मिटणाऱ्या. माणसाच्या मेंदूतल्या सोडियमच्या झडपांचीही तान्ह्या वयातली आवृत्ती वेगळी आणि मोठेपणची वेगळी असते.

फळमाशीचाच आणखी एक विक्रम सांगण्याचा मोह आवरत नाही. तिचे डीस्कॅम नावाचे एक जनुक पर्यायी संकलनातून ३८,०१६ प्रकारची प्रथिने बनवू शकते, असा हिशेब २००० साली मांडला गेला. तिची एकूण जनुके आहेत चौदा हजारांच्या घरात. इतके प्रकार कशाला? तर चेतापेशीच्या फांद्यांना आपले कोण आणि परके कोण हे ओळखता यावे म्हणून. प्रत्येक पेशी या हजारोंतले काही मोजके प्रकार घेते, तेच तिचे गोत्र. आपल्याच पेशीची दुसरी फांदी भेटली तर गोत्र जुळते आणि दोघी दूर सरतात. परगोत्राची भेटली तर जवळ यायला हरकत नाही. सगोत्र विवाहाचा निषेध इतक्या काटेकोरपणे आपल्याकडेही कधी पाळला गेला नसेल.

माणसात डीस्कॅमची ही युक्ती नाही. हे काम आपल्याकडे दुसरी जनुके दुसऱ्या रीतीने करतात. पण चेतापेशींच्या सांध्यावर हात मिळविणारी न्यूरेक्सिन नावाची आपली प्रथिने शेकड्यांनी प्रकारची आहेत, तीही कात्रीचीच कृपा. २०१४ साली तर असे दिसले की, मेंदूतल्या कित्येक जनुकांत अगदी चिमुकले एक्झॉन असतात. तीनपासून सत्तावीस अक्षरांपर्यंतचे. ते बहुतांशी चेतापेशींतच ठेवले जातात, इतरत्र गाळले जातात. स्वमग्नता असलेल्या काही व्यक्तींच्या मेंदूंच्या नमुन्यांत हे चिमुकले तुकडे प्रमाणापेक्षा जास्त गाळले गेल्याचे आढळले. यावरून स्वमग्नतेचे कारण सापडले असे कोणी म्हणू नये. एका धाग्याचे टोक तेवढे हाती आले आहे.

कात्री किती अचूक लागते ते टाऊ या प्रथिनावरून कळते. चेतापेशीच्या लांब तंतूंत मालवाहतुकीचे रूळ असतात. ते रूळ जागच्या जागी धरून ठेवण्यास टाऊ मदत करते. मोठ्या माणसाच्या मेंदूत त्याच्या सहा आवृत्त्या असतात. त्यातल्या निम्म्यांत दहावा एक्झॉन ठेवलेला असतो, निम्म्यांत गाळलेला, आणि दोन्ही बाजूंचे प्रमाण साधारण समसमान असते. १९९८ साली अशी काही कुटुंबे अभ्यासली गेली की, ज्यांत ऐन पन्नाशीच्या आगेमागे स्वभाव पालटू लागतो, बोलणे आटते, माणसे ओळखू येईनाशी होतात. त्यांतल्या काहींच्या जनुकात दोष होता, पण तयार होणाऱ्या प्रथिनात चूक काहीच नव्हती. सहाही आवृत्त्या शुद्ध. बिघडले होते केवळ प्रमाण. दहावा एक्झॉन जास्त वेळा ठेवला जात होता. आमटीत मीठ चांगल्या प्रतीचे असूनही जास्त पडावे, तसे. एवढ्यावरून एका माणसाचे माणूसपण हळूहळू झिजते, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचताना सुन्न करून गेली.

पण चूक मजकुराची नसून कात्रीची असेल, तर एक आशाही असते. मजकूर बदलणे फार कठीण. संकलकाचा हात धरणे त्या मानाने सोपे.

१९८४ च्या सुमारास आमच्या आळीत एक बाळ होते. बाप यंत्रमागावर होता. बाळाचे डोळे इतके बोलके की कोणीही थांबून त्याच्याशी बोलावे. ते हसे, माणसे ओळखे, पण मान धरीना. पाय बेडकासारखे फाकलेले पडून असत. आईबापांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि कुंडाच्या कोमट पाण्याने त्याचे पाय चोळले. एका मोठ्या रुग्णालयात त्यांना सांगितले की, स्नायूंचे दुखणे आहे, घरी न्या. पुढे छातीत कफ साचू लागला, आणि वर्षाचे व्हायच्या आत ते गेले. आईला लोक विचारीत, गरोदरपणी ग्रहण पाळले नव्हतेस का?

त्या बाळाच्या दुखण्याचे नाव मी ठामपणे सांगू शकत नाही. त्या काळी तपासणीच नव्हती. पण वर्णन हुबेहूब जुळते ते स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीशी, म्हणजे एसएमएशी. यात पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बुद्धीला धक्का लागत नाही. सर्वांत तीव्र प्रकारातली मुले उपचारांवाचून कधी बसू शकत नाहीत आणि बहुतेक दुसऱ्या वाढदिवसाआधी जातात. १९९५ साली पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने याचे जनुक शोधले : एसएमएन. माणसाकडे या जनुकाच्या जणू दोन पोथ्या असतात. पहिली पोथी आईकडून आणि बापाकडूनही सदोष आली, तर हा आजार होतो. दुसरी पोथी प्रत्येक रुग्णाकडे असतेच. मग ती उपयोगी का पडत नाही?

कारण तिच्या सातव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर वेगळे आहे. आणि त्या अक्षराने अर्थसुद्धा बदलत नाही. ‘आणि’ ऐवजी कोणी ‘आणी’ लिहावे तसे. वाचणाऱ्याला कळायचे ते कळतेच. संकलक मात्र तेथे फसतो. त्या अक्षरामुळे सातवा एक्झॉन त्याच्या नजरेतून सुटतो आणि बहुतेक वेळा गाळला जातो. अवघे दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिन पुरे बनते, बाकीचे आखूड आणि अल्पायुषी. घरात धान्याचे दुसरे कोठार भरलेले आहे, पण किल्ली फिरत नाही, अशी ही अवस्था.

ही किल्ली फिरली. २००६ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातव्या एक्झॉनच्या लगतच्या इंट्रॉनमध्ये एक लहानशी जागा दाखविली. ‘येथे कापा’ असा चुकीचा सल्ला संकलकाला या जागेवरून मिळतो. ती जागा झाकली तर? कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील एड्रियन क्रेनर आणि औषध कंपनीतले फ्रँक बेनेट यांनी त्या जागेवर बरोबर चिकटणारा अठरा अक्षरांचा एक तुकडा घडविला. नाव नुसिनर्सेन. ते कण्यातल्या पाण्यात सुईने सोडावे लागते. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०२० साली रिसडिप्लाम आले, तेही कात्रीचाच हात वळविणारे, पण तोंडाने घ्यायचे, रोज एकदा, पातळ औषधासारखे. लक्षणे दिसण्याआधीच उपचार सुरू झालेली बाळे बसली आणि त्यांतली बहुतेक चाललीही. (वृत्तपत्रांतून गाजलेले सोळा कोटींचे इंजेक्शन ते हे नव्हे. त्यात विषाणूच्या पाठीवरून नवे जनुकच आत पाठवितात.)

आता पैशाची गोष्ट केल्यावाचून हा लेख अर्धवट राहील. रिसडिप्लामची एक बाटली भारतात सहा लाख रुपयांच्या आसपास होती. वीस किलोहून अधिक वजनाच्या रुग्णाला ती जेमतेम बारा दिवस पुरते. पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये खंडपीठाने मूळ कंपनीचे अपील फेटाळले, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध बाटलीला १५,९०० रुपये या छापील किमतीने बाजारात आणले. लहान बाळाला मात्रा कमी लागते. मोठ्याला वर्षाला तीस बाटल्या धरा, म्हणजे पावणेपाच लाखांच्या वर. कोटींवरून लाखांवर आले हे खरेच. पण यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरात पावणेपाच लाख वर्षाला कोठून यायचे, आणि तेही जन्मभर? दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली केंद्र सरकारकडून एका रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. नव्या किमतीत ती रक्कम दहा वर्षे पुरेल. जुन्या किमतीत चार महिनेही पुरली नसती.

या चेतापेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे. अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन एसएमएची तपासणी सरसकट होते. आपल्याकडे ती अजून सरसकट नाही. मागितली तर आणि परवडली तर होते. हे रक्त साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतात, म्हणजे सटवाईची पाळी येण्याच्या आधी. ज्यांच्या घरात असे मूल पूर्वी झाले आहे, त्यांनी पुढच्या गरोदरपणाआधीच नवराबायकोची वाहक-तपासणी करून घ्यावी. त्यालाही रक्ताचा साधा नमुना पुरतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक असा धोका असतो, आणि त्यात आईचा जेवढा वाटा, तेवढाच बापाचा.